भरीव सुया

रामबागेत शेवेच्या दुकानावर, एकोणीस पायऱ्या.
कढईत लवंग शेव पडत असते
आणि तिचा वास माझ्याआधी वर पोचतो.
पोरवाल डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा.
म्हणतो, जीभ दाखवा.
चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना जीभ काढायला लावली,
आता स्वतःची काढताना
सकाळच्या पोह्यांवरच्या जीरावणाची लाज वाटते.

नाडी तीन बोटांनी बघतो, घड्याळाशिवाय.
मी मनात मोजते: अठ्ठ्याहत्तर.
त्याला आकडा नको असतो.
झोप कुठल्या कुशीवर, पहाटे जाग किती वाजता.
साडेतीन, मी सांगते.
रात्रपाळीत माझा राउंड तेव्हाच असायचा.
खांद्यावर यायला त्याला दहा मिनिटं लागतात.

मोठ्या दवाखान्यात मी किती सुया टोचल्या
याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मीही नाही.
"मुंगी चावल्यासारखं वाटेल हं," म्हणायचे,
आणि सुई आत असतानाच, "झालं, झालं."
दोन्ही खोटं.
मानपूरकडची एक पोर एकदा पलंगाचा गज धरून म्हणाली,
सिस्टर, मुंगी मला ठाऊक आहे.

हा म्हणतो, "लगेगा. थोड़ा लगेगा.
फिर भारी-भारी होगा, तब बोलना."
पुडी फाडतो. मी आधी तारीख वाचते.
टोक उजेडाकडे धरायला लावते:
भोक नाही.

माझ्या सगळ्या सुया पोकळ होत्या,
काही आत सोडणाऱ्या, काही बाहेर ओढणाऱ्या.
या काही आणत नाहीत, नेत नाहीत.
भेटीच्या वेळेला रिकाम्या हाती आलेल्या
नातेवाइकासारख्या
नुसत्या उभ्या राहतात.

पहिली नडगीत.
"खांदा इकडे आहे," मी म्हणते.
"मालूम है, सिस्टर."
मग अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसात एक,
टिचकी, आणि क्षणभर काहीच नाही.
मग ओल्या चादरीची घडी
कुणी मनगटावरून कोपराकडे सरकवत न्यावी तसं.
"भारी," मी म्हणते.
हा शब्द माझ्या वॉर्डात
मी कधी कुणाकडे मागितला नव्हता.

वीस मिनिटं. वर लाल दिवा, हातात घंटी.
पडद्यापलीकडे कुणीतरी सुयांसकट घोरतंय.
नाकाला खाज सुटते
(हे आधी कुणी सांगत नाही)
आणि हात तर हलवायचा नाही.
घंटी दाबावी का?
सलाइन संपत आलेले लोक अशीच दाबायचे
आणि मी, आले आले म्हणत,
हातातला कागद पूर्ण करायचे.
दाबत नाही.
खाज कपाळापर्यंत जाते, तिथून कुठे जाते कळत नाही.

काढताना काही लागत नाही. टक, टक, स्टीलच्या वाटीत.
तो दिवा बंद करतो.
"दहा झाल्या," मी म्हणते. "अकरावी कानामागे."
बिचारा कानापर्यंत लाल.
ऑपरेशनचे बोळे मोजलेत मी, बाबा.
मोजणं जात नाही.

दुखणं गेलं का?
नाही. बाकावर थोडं सरकून बसलं.
तिसऱ्या खेपेला हात कानापर्यंत आला,
अंबाडा अजून लांब आहे.
अंगठ्याशी एक निळा ठिपका,
आणि त्या रात्री साडेतीन वाजले ते मला कळलंच नाही.

आज उतरताना अकराव्या पायरीवर
मफलर गुंडाळलेले एक काका धापा टाकत थांबलेले.
"दुखतं का हो?"
माझ्या जिभेवर मुंगी आलीच होती.
"दुखतं," मी म्हटलं. "मग जड होतं.
जड झालं की सांगा त्याला,
तो थांबतो."
काकांनी वर बघितलं, मग खाली, शेवेकडे.
"आधी घेऊ का, नंतर?"
"आधी," मी म्हटलं. "उपाशीपोटी झोपू नका तिथे."