मोकळी उंची

फोर्ट्सहाइममध्ये एके काळी घरटी एक सोनार होता म्हणतात.
नदीकाठच्या त्याच रस्त्यावर आता आम्ही
सर्किट बोर्डावर बसणाऱ्या स्प्रिंगा करतो.
सोनं अजून लागतं, पण फक्त टोकाला,
जिथे स्पर्श होतो तिथे,
आणि तेही इतकं पातळ
की एका अंगठीत लाखभर टोकं पिवळी व्हावीत.

मापं सांगते.
पत्रा पॉइंट बारा. मोकळी उंची तीन पॉइंट दोन.
झाकण मिटलं की दोन पॉइंट चार.
मधले पॉइंट आठ मिलिमीटर, एवढाच तिचा संसार:
तेवढं दबायचं, तेवढं उठायचं,
आणि दबलेली असताना ऐंशी ग्रॅमच्या जोराने
समोरच्या धातूला सांगत राहायचं,
आहे, आहे, आहे.

पाठीवर एक सपाट जागा ठेवावी लागते.
यंत्राची नळी तिथे ओठ टेकते, श्वास ओढून उचलते,
बोर्डावर नेऊन ठेवते.
दिसायला बरी नाही ती जागा.
एकदा मी ती खोडून बघितली होती,
मग मुकाट्याने परत काढली.

मार्चमध्ये पहिली खेप परत आली.
श्रवणयंत्राच्या चार्जरमध्ये जात होत्या त्या.
लोक रात्री कान डबीत ठेवून झोपत
आणि सकाळी कान उपाशी.
नुरजानने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं, काही बोलली नाही.
बाकाच्या बाहेरच्या अंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा,
आणि त्यात एक चीर, केसाहून बारीक.

मी आकडे तपासले. आकडे बरोबर होते.
पुन्हा तपासले.

साचे करणारा ओटमार हाउग
डब्यातून पट्टीचा तुकडा घेऊन आला.
एकदा असा वाकवला, एकदा तसा,
उजव्या कानाशी धरून,
डावा प्रेसने केव्हाच खाल्लाय.
असा वाकवला तेव्हा काहीच नाही.
तसा वाकवला, तेव्हा कट्.
'लाकूड फोडलंयस कधी?' त्याने विचारलं.
रूळ ज्या दिशेने गेला
ती दिशा पत्रा विसरत नाही.
मी तिला पट्टीवर आडवी निजवली होती,
एका मीटरमध्ये चाळीस जास्त बसाव्यात म्हणून,
आणि बाकाची रेघ नेमकी धारेबरोबर गेली होती.
काटकसर माझी, चीर तिची.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांना
इथे काम नाही.
वाकून तसेच राहणाऱ्यांनाही नाही.

नवा साचा, सहा आठवडे.
आता ती पट्टीवर तिरकी झोपते, पंचेचाळीस अंशांत,
कोपऱ्याकोपऱ्यातून भंगार सांडतं,
आणि हिशेबातल्या बाई, एडेलट्राउट ब्युर्कले,
ते भंगार दर शुक्रवारी टक्क्यांत वाचून दाखवतात.
प्रेस मिनिटाला सहाशे वेळा पडतो.
खाली येतात त्या नुसत्या आकार असतात,
बोटाने दाबल्या तर दबूनच राहतात.
मग भट्टी. तीनशे पंधरा अंश, दोन तास.
त्यानंतर त्यांना स्वभाव येतो.

चाचणीचं यंत्र शनिवारी रात्री लावून गेलो.
दहा हजार, वीस हजार,
रिकाम्या हॉलमध्ये कोणीतरी सुपारी कातरत बसावं तसा आवाज.
रविवारी ओटमार चर्चमधून थेट आला, कोटासकट,
आकडा बघितला, मान हलवली
की झटकली, कळलं नाही.
'साखळीला तेल हवंय,' एवढंच म्हणाला.

सोमवारी रात्री नुरजानचा फोन.
स्वेटरच्या बाहीत एक अडकून आली होती,
बसमध्ये सापडली.
'नखाने दाबून बघितलीस?'
'स्टेशनापासून घरापर्यंत. मोजणं सुटलं.'
'उंची?'
पलीकडे भांड्यांचा आवाज, कोणीतरी तुर्कीत हाक मारली.
'घरी कुठलं माप?' ती म्हणाली,
'पण परत येते.'