शंभर हर्ट्झ

इब्रीच्या पुढे, डांबर संपतं तिथून
तांदळाच्या गोणीत भरून आणली वाळू.
टेकडीवरून घसरताना ती गुरगुरली होती;
मुहन्नदने कानांनी ऐकलं, मी तळपायांनी.
मस्कतला आली आणि मुकी झाली.

"दमट हवा," नवाल मॅडम म्हणाल्या,
मग थोडं थांबून, "बहुतेक."
त्या 'बहुतेक'वर आमचं सबंध सेमिस्टर गेलं.

सात चाळण्या, एकीखाली एक.
आई रवा चाळते तसं नव्हे,
इथे वर उरलेलंही मोजायचं.
धुतली, भाजली, पुन्हा धुतली.
पुस्तकातल्या गणितांना शेवटच्या पानावर उत्तरं असतात.
या वाळूला शेवटचं पान नव्हतं.

मार्चमध्ये पडद्यावर शिखर उगवलं,
बरोबर शंभर हर्ट्झ, सुईसारखं.
मुहन्नदने खजूर वाटले,
मॅडमनी दोन खाल्ले, वहीत तारीख घातली.
तीन आठवडे आम्ही संशोधक होतो.

रुवीच्या फ्लॅटमध्ये बाबांना आलेख दाखवला, आवाज ऐकवला.
तेवीस वर्षं एसी दुरुस्त करणारा माणूस,
बोटांना वंगण, म्हणून पडद्यापासून वीतभर लांबूनच म्हणाला,
"अगं, हा तर छतावरचा कॉम्प्रेसर."

सकाळी वाळू काढून रिकामी पन्हळ हलवली.
शिखर जागच्या जागी.

वाटलं, मॅडम चिडतील.
मी खोडरबर शोधत होते; त्यांनी वही ओढून घेतली.
"खोडायचं नाही. शेजारी लिही, हे काय निघालं ते."
आणि मग, "वडील शुक्रवारी मोकळे असतात का?"

बाबा आले, इस्त्रीचा शर्ट, हातात पाना.
अख्ख्या मजल्याची हवा बंद केली.
जूनची रात्र. ओव्हनमधून काढलेल्या वाळूला
गप्प व्हायच्या आधी अकरा मिनिटं.
घाम टिपायचा नाही, रुमालही वाजतो.
मी पन्हळ उचलली, तिरपी केली.

पडद्यावर एक बसकी, ओबडधोबड टेकडी,
ब्याण्णवच्या आसपास कुठेतरी.
कुणी काही बोलेना.
बाबा डोळे मिटून ऐकत राहिले, नाडी बघावी तसे.
"हा आमच्यातला नाही," म्हणाले.

मॅडमनी ते वाक्य माझ्याकडून अरबीत करून घेतलं,
वहीत उतरवलं. खाली लिहिलं:
ऐकणारे, दत्ताराम घाग.
आणि ब्याण्णवपुढे
पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.