मीठ आणायला

"मीठ संपलंय," सुनेत्रा म्हणाली तेव्हा सकाळचे नऊ,
फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार,
आणि गाडी गॅरेजात, ब्रेक गेलेले.
म्हणून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
वेस्टर्न ॲव्हेन्यूवर बसची वाट बघत उभा राहिलो,
कानटोपी घालून,
आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यासारखा.

एकोणपन्नास नंबर.
कुणीतरी फूटपट्टी ठेवून शिकागोवर
वरून खाली ओढलेली रेघ.
मला दोनच स्टॉप जायचं होतं.
गेलो पुढे. का, ते विचारू नका.
खिडकीशी ऊन होतं.

जर्मन खाटकाच्या दुकानापासचं घड्याळ
सव्वानऊवर अडकलेलं.
मग टायरची दुकानं, टायरची दुकानं,
एक बंद पडलेली बोलिंगची शाळा, पुन्हा टायर.
डिव्हिजनला रस्त्यावर कमान धरून पोलादी झेंडा,
वारा असो नसो फडकलेलाच.
तिथे उतरलो. पोर्तो रिकोच्या एका खानावळीत
पावाच्या जागी कच्चं केळं,
चेचून, तळून, वर लसूण खरपूस.
"आत मांस नको," म्हटलं. पोऱ्याने बघितलं असं,
जणू मी लग्नाला येऊन नवरीच नको म्हणालो.

पुढच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारा,
मांडीवर राईचा गोल पाव, तान्ह्या मुलासारखा.
युक्रेनचा. नाव सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही.
आमच्या वस्तीत दोन चर्चं, म्हणाला,
आणि दोन पंचांगं. तेरा दिवसांचा फरक.
त्यावरून थोरला भाऊ बोलायचा थांबला
तो गेला तेव्हाही थांबलेलाच.
मी म्हटलं, आमच्याकडेही दोन पंचांगं आहेत.
त्याने पावाचा कोपरा मोडून हातावर ठेवला.
त्यानंतर दोघंही काही बोललो नाही.

सरकारी इस्पितळाची चिमणी दिसली.
तिथे रोज येतो मी, लॅबमध्ये,
लोकांचं रक्त बघायला.
कोण कुठे राहतं ते नळीवर लिहिलेलं असतं,
पिनकोडसकट.
एवढंच शहर मला पाठ होतं.

सर्माकच्या कोपऱ्यावर ओतिलिया,
बर्फातल्या पेटीवर बसलेली, पायात मुलाचे बूट.
मक्याच्या सालात उकडलेलं पीठ, आत मिरची अन् चीज.
साल सोडलं, वाफ चष्म्यावर आली,
आणि तोंडून मोठ्याने गेलं, "अहो, ही तर पानगी!"
तिला वाटलं, मी तिखट मागतोय.
दोन मिरच्या जास्त टाकल्या तिने.
खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचंच.

एकोणऐंशीव्या रस्त्याला बस रिकामी.
"शेवटचा स्टॉप, बाबा," ड्रायव्हर म्हणाली, अर्नेटा बाई,
"परत जायचंय ना? पंधरा मिनिटं. बाहेर गारठशील, बस आत."
तिने डबा उघडला. कोंबडी, बटाटे,
खाली पांढरा पाव, आणि सगळ्यावर लाल रस,
ज्याला इथे 'माइल्ड' म्हणतात.
माइल्ड कसला. जिभेवर आधी गूळ, मग चिंच,
मग आईच्या आमटीत नसलेलं काहीतरी तिसरं.
"कशी आहे?"
शनिवार आहे हे आठवेपर्यंत
अर्धी तंगडी संपली होती.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागलेले.
टेबलावर पावाचा कोपरा, चार पानग्या,
कुठल्या तरी बेकरीचं तेलकट पाकीट,
ते कधी घेतलं मलाच आठवेना.
सुनेत्राने एकेक उघडून पाहिलं, वास घेतला,
मग विचारलं, "आणि मीठ?"

मी खाली बघितलं.
बुटांच्या टाचांपर्यंत चढलेलं,
सुकलेलं, पांढरं,
सगळ्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात ते.

"पुसू नकोस लगेच," म्हटलं.
ती काही न बोलता
शेजारच्या मिसेस ओकाफोरकडे वाटी घेऊन गेली.
तिलाही यायला उशीर झाला.