नावाखालचं कापड

नॉरफोकला, गोदीच्या फाटकापासून तिसऱ्या सिग्नलवर,
गहाणवटीचं दुकान आणि डोनटवाला यांच्या मधे
माझी शिलाईची दोन मशिनं.
पाटीवर लिहिलंय : नावाची पट्टी चार डॉलर,
थांबून घेतलीत तर पाच.
माझं नाव ओक-बुन. ही पोरं मला मिस ओके म्हणतात.
मी ओके म्हणते.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत.
कापड राहतं.

पायदळाचं घ्या. करडं, जरासं शेवाळी.
म्हणे वाळवंटात, रानात, शहरात, सगळीकडे चालेल.
सगळीकडे चालणारं कुठंच धड चालत नाही
हे मला सासरीच कळलं होतं.
तो रंग मी एकाच ठिकाणी विरघळताना पाहिला,
समोरच्या पार्किंगमधल्या खडीवर.
सार्जंट ओटिस तिथे सिगारेट ओढत उभा असला
की नुसता धूर दिसतो.

मरीन्सचे चौकोन बारीक, तांदळाच्या कण्यांएवढे.
त्यांत कुठेकुठे आपलं चिन्हही पेरलंय त्यांनी.
मी भिंग घेऊन शोधलं. सापडलं.
लपायचं, पण आपण कोण ते सांगून लपायचं;
लपाछपीत पोरं मुद्दाम खोकतात, तसं.

हवाईदलाचे पट्टे वाघाचे,
पण वाघ निळसर राखी, आजारातून उठलेला.
आभाळात तुम्हाला कोण बघणार, मी विचारलं.
लेफ्टनंट पोरगा लाजला :
आम्ही ऑफिसात असतो, मॅडम.

आणि आरमार. निळ्यावर निळं, त्यावर काळं.
समुद्रात पडलो तर सापडू नये म्हणून,
असं प्रत्येक खलाशी सांगतो,
प्रत्येकाला वाटतं हा विनोद आपणच काढला.
मी दरवेळी हसते. चार डॉलरमध्ये हसणं धरलेलं आहे.
एका पोरीनं खरं कारण सांगितलं :
ग्रीसचे डाग दिसत नाहीत.
तेवढं पटलं.

आमच्या गावात सगळे पांढरं घालत.
नाकतोंगच्या काठी, हिरव्या भातात वाकलेला बाप
मैलावरून ओळखू यायचा.
ज्या उन्हाळ्यात विमानं आली
आई आमचे कपडे हंड्यात घालून
चिखलाच्या, पाल्याच्या पाण्यात उकळत बसली.
रंग नीट चढला नाही.
काखेत, गळ्यापाशी पांढरं उरलंच.
बापाने आपला अंगरखा बुडवायला दिला नाही.
पुढचं मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

गुरुवारी किंतानिया आली.
निळा शर्ट काउंटरवर टाकून म्हणाली, नाव बदलायचंय.
सहा वर्षं छातीवर हॉलोवे होतं,
आता पुन्हा बापाचं.
मी उसवणीच्या टोकाने एकेक टाका काढला.
आरमाराचा दोरा चिवट, सुटता सुटत नाही.
पट्टी निघाली, आणि खाली
कापड कोरं, ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखं.
ऊन नाही, मीठ नाही, एक धुणं नाही.
विटलेल्या निळ्यात
बोटभर उंच, वीतभर लांब
एक गडद खिडकी.

आम्ही दोघी बघत राहिलो.
बाहेर डोनटच्या तेलाचा वास, ट्रकचा हॉर्न.

नवं नाव अकरा अक्षरांचं, पट्टीत दाटीवाटीने बसलं.
मी ती बरोब्बर जुन्या जागी धरली, टाचणी लावली.
ती म्हणाली, जरा वर घ्या. खालून एक रेघ राहू दे.
तपासणीत पकडतील, मी म्हणाले.
एवढ्या निळ्यात?
ती म्हणाली.

मी मशीन सुरू केलं.
थांबून घेतली तिने,
तरी चारच लावले.