मार्का

बाबांचा मार्का पत्र्याचा होता.
तेलाचा डबा फाडून, छिन्नीनं अक्षरं कोरून
सायलू लोहारानं करून दिलेला:
बोलेवार मिरची, धर्माबाद.
पोत्यावर ठेवायचा, काळ्या शाईचा बोळा फिरवायचा,
उचलला की नाव उरायचं.

अडत बाजारात काय काय उसनं जायचं आमच्याकडून,
वजनं, ताडपत्री, हमाल,
एकदा तर टेम्पो, ड्रायव्हरसकट.
मार्का कुणाला नाही.
शेजारचे मुक्कावार म्हणाले, एका पोत्यापुरता द्या की शेठ.
बाबा म्हणाले, शाई न्या पाहिजे तेवढी.
रात्री नोटा गल्ल्यात राहायच्या
आणि पत्रा गादीखाली.

मी त्यांची थोरली. दुकान आता माझं.
कोणता माल देठासकट विकायचा, कोणता देठ खुडून,
मुठीत घेऊन सांगते.
तरी वेबसाइट करायची निघाली तेव्हा
मीच संदेशला म्हणाले,
तुझ्याच नावानं घेऊन टाक बाबा, मला त्यातलं काय कळतंय.
वर्षाला नऊशे रुपये. आमची चहाची उधारी जास्त असते.
त्याचा मेल, त्याचा मोबाइल,
पासवर्डात त्याच्या मैत्रिणीचं नाव होतं म्हणे.

चार वर्षं बरं चाललं.
निजामाबाद, बिदर,
एकदा दुबईहून अर्धा किलो तिखटाची ऑर्डर,
मालापेक्षा टपाल महाग.
संदेश हैदराबादला नोकरीला लागला, पेढे देऊन गेला.
मग त्याचा नंबर लागेना.
मग एका सोमवारी बासरचं जुनं गिऱ्हाईक फोनवर हसत:
ताई, तुम्ही रमी कधीपासून खेळवायला लागल्या?

उघडून बघितलं.
आमच्या नावाखाली पत्ते पिसत होते कुणीतरी.
बोलेवार, तेच स्पेलिंग, एक अक्षर इकडचं तिकडं नाही,
आणि बदामाची राणी डोळा मारत होती.

नांदेडला गेले. पिशवी भरून कागद नेले:
जीएसटी, गुमास्ता, गोदामाचा नकाशा,
आजोबांच्या वेळचा उर्दू कागदसुद्धा,
जो आता घरात कुणाला वाचता येत नाही.
काउंटरवरच्या पोरानं एकही उलगडला नाही.
स्क्रीन माझ्याकडं वळवली.
हे बघा, मालक: आधी संदेश. मुदत संपली, त्यानं भरली नाही.
आता हे दुसरेच. दोन लाखाला विकतायत.
तुम्ही ह्यात कुठंच नव्हता, ताई.

नव्हता.
सदतीस वर्षांचा ठसका, सगळ्या बाजाराच्या नाकात बसलेला,
आणि मी कुठंच नव्हते.

रडले असेन परतीच्या गाडीत.
मिरचीवाल्यांच्या डोळ्यांचं कुणी मनावर घेत नाही.

त्याच रात्री नवं नाव घेतलं,
मधे एक आडवी रेघ टाकून, कारण सरळ नाव गेलेलं.
माझा मेल. माझा मोबाइल.
ओटीपी आला तेव्हा घरात सगळे झोपले होते,
मी मोठ्यानं वाचला, सहाही आकडे.
पाच वर्षांचे पैसे एकदम भरले,
मुदतीची तारीख रोजमेळाच्या पहिल्या पानावर, लाल शाईनं.
पासवर्ड लिहिला नाही. सांगणारही नाही.

आता गोदामात चार हजार पाकिटं पडून,
जुना पत्ता छापलेली.
माळ्यावर चढून मार्का काढला.
गंजला होता, बोट कापलं.
बल्बसमोर धरला तर अक्षरांच्या जागी नुसती भोकं,
भोकांतून पलीकडची भिंत.
एवढंच बाबा रोज रात्री गादीखाली ठेवायचे.

जुन्या पत्त्यावर पत्रा ठेवला, बोळा फिरवला.
पहिल्या पाकिटावर शाई जास्त झाली, नाव फुटलं.
दुसऱ्यावर बरं उमटलं.