पुकारा

बेदाण्याच्या शेडमध्ये एका कानात हेडफोनचं बोंड घालून
मी काड्या काढते.
दुसरा कान मुकादमासाठी मोकळा ठेवावा लागतो.

भाच्यानं, सुमेधनं, ॲपमध्ये कायसं करून दिलंय:
सुरुवातीचे एक्केचाळीस सेकंद वगळा.
त्यात म्हणे सनई असते, ठिबकच्या नळीची जाहिरात,
आणि बोलणाऱ्याचं नाव-गाव.
'आत्या, तुझ्या काड्यांसारखंच की हे.'
तेव्हा हसले होते.

दोन हंगाम झाले.
तो तासगावच्या कोर्टातलं सांगतो:
बांधाचे दावे, वीतभर जमिनीवरून अबोला धरलेले भाऊ,
दर तारखेला वादी-प्रतिवादी दोघांचाही डबा आणणारी
एकाची बायको.
तिथं शिपाई होता तो.
दारात उभा राहून तीनदा पुकारा करायचा.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं ओरडून
बसलेला घसा, तो बसलेलाच.

त्याचं नाव मला माहीत नाही.
सुमेधचं गणित जरासं चुकलंय,
म्हणून रोजची गोष्ट सुरू होते नावाच्या शेपटानं,
'…कर बोलतोय.'
आष्टेकर? कवलापूरकर? मणेराजुरीकर?
या बाजूला निम्मा जिल्हा करच आहे.

मंगळवारी एसटी स्टँडवर
माझ्या पाठीमागून कुणीतरी विचारलं,
'विट्याची लागली का?'
माझे हात थांबले. हातात तर काहीच नव्हतं.
तोच.
मला वाटला होता त्यापेक्षा बुटका,
बाकावर पिशवी विसरून गाडीकडे निघालेला.
पिशवीतून शेपू डोकावत होता.

हाक मारायची तर काय म्हणून?
त्याचा गुडघा कुठल्या जिन्यावर दुखतो ते मला ठाऊक,
सासऱ्यानं दिलेलं घड्याळ कुणी नेलं तेही.
नुसतं 'अहो' म्हटलं तर सगळा स्टँड वळला असता.
तोंडातून गेलं, चांगलं मोठ्यानं,
'हाजिर हो!'

कंडक्टर फिदीफिदी हसला.
तो मात्र जागच्या जागी ताठ,
चपला जुळवून,
जसे काही साहेब आत येतायत.
मग वळला. पिशवी उचलली.
'पुढची तारीख घ्या,' म्हणाला माझ्याकडे बघून,
आणि चढला.
गाडी सिद्धेवाडीच्या वळणाला गेली असेल
तेव्हा आठवलं, नाव विचारायचं राहिलं.

मालक काडीला घट म्हणतो. वजनातून जाणारी.
पण मणी तिथंच तर धरलेला असतो घडाला.

एकदम शून्य करता आलं असतं, सुमेध म्हणाला, एक बटण.
नको.
रोज एकच सेकंद मागं जातेय मी.
काल चाळीस केले. 'वाडकर' ऐकू आलं.
वाड्या काय, पुष्कळ.
रुक्साना टोपली सरकवत विचारते,
काय गं, एकटीच काय हसतीस?

उद्या एकोणचाळीस.