किमान पाचशे

धायरी फाट्यापाशी, रात्री पावणेनऊला
माझं बिल पाचशे चाळीस.
"कूपनमध्ये साखर धरत नाहीत, काका,"
काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघतच म्हणाली.
साखर गेली. उरले चारशे बावन्न.
अठ्ठेचाळीस कमी. सूट साठ. मुदत आजची.

मी बिस्किटांकडे बघू लागलो,
घरात कुणी खात नाही ती बिस्किटं.

तेवढ्यात मागच्या बाईंनी
हिंगाची डबी आणि भांड्यांचा साबण
माझ्या डाळीशेजारी सरकवला.
"बघ गं, बसतंय का आता."
बसलं.
नंबर त्यांचाच दिला; माझा फोन घरी, चार्जिंगला.

बाहेर स्कूटरच्या सीटवर हिशेब:
"माझे चोपन्न. त्यातली सूट माझ्या वाट्याची सहा."
अठ्ठेचाळीस मोजून दिले, नाण्यांसकट.
मी अर्धे-अर्धे म्हणणार होतो. राहिलं.

बिलावर नाव कुमुद दांगट.
माझी तूरडाळ, पोहे, आईचं इसबगोल,
सगळं दुकानाच्या लेखी त्यांच्या घरी गेलंय.
महिनाअखेरीला त्यांनाच विचारतील,
इसबगोल संपलं का?